खेचरावरची डार्करूम: १९व्या शतकातल्या मोठ्या लँडस्केप फोटोंबद्दल सारखे येणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम भागात १८६०-७०च्या दशकात भल्यामोठ्या काचांवर काढलेले डोंगरदऱ्यांचे फोटो मी ओळखीपाळखीत सगळ्यांना दाखवत असतो, आणि नंतर तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एखादी गोष्ट दुसरीकडे सांगितली असेल तर तो नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. "लार्ज फॉरमॅट" म्हणजे नक्की किती मोठं?

आजकाल ४×५ इंचाच्या फिल्मलाही लार्ज फॉरमॅट म्हणतात. तेव्हाची गोष्टच वेगळी. कार्लटन वॅटकिन्स या फोटोग्राफरने १८६१ साली योसेमिटीत (कॅलिफोर्नियातली उंच कड्यांची दरी) नेलेल्या कॅमेऱ्यात साधारण १८×२२ इंचाची काच बसायची, म्हणजे रोजच्या पेपरच्या एका पानापेक्षाही रुंद. या साइजला "मॅमथ प्लेट" म्हणतात. तीन मिलिमीटर जाडीची धरली तर अशी एक काच दोन किलोच्या आसपास भरते, आणि अशा कित्येक काचा डोंगरात न्यायच्या, न फोडता परत आणायच्या. विल्यम हेन्री जॅक्सन या दुसऱ्या फोटोग्राफरने १८७५ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात २०×२४ इंचाच्या काचा नेल्या, त्या तर याहून मोठ्या.

२. एवढी मोठी काच कशाला? छोटा फोटो काढून मोठा करता येत नव्हता का?

जवळजवळ नाहीच. प्रिंट काढायची म्हणजे काचेची निगेटिव्ह थेट कागदावर दाबून ठेवायची आणि फ्रेमसकट उन्हात मांडायची, त्यामुळे काच जेवढी तेवढीच प्रिंट. अल्ब्युमेन कागद (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला) इतका मंद असायचा की दिव्याच्या उजेडावर त्याचं काही भागायचं नाही, ऊनच लागायचं. "सोलर कॅमेरा" नावाचं एक प्रकरण होतं ज्यात आरशाने ऊन आत घेऊन एन्लार्जमेंट करायचे, पण त्याला वेळ लागायचा आणि फोटो मऊ पडायचा, मग बऱ्याचदा त्यावर रंग फिरवून सुधारणा करावी लागायची. पोर्ट्रेटला ते खपून जायचं, तीन हजार फुटी कड्याच्या भेगा दाखवायला नाही. पण याचा फायदा बघा, निगेटिव्ह आणि प्रिंट एकाच मापाची असल्यामुळे मधे काहीच हरवत नाही, म्हणून या प्रिंटवर भिंग धरलं तरी लांबच्या झाडाची फांदी फांदी दिसते.

३. "ओली प्लेट" म्हणजे काय? काच ओली कशाला ठेवायची?

ही फ्रेडरिक स्कॉट आर्चरची १८५१ची पद्धत, वेट कोलोडियन. कोलोडियन म्हणजे गनकॉटन (तीव्र आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस) ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेलं चिकट पातळ द्रव, त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार घालायचे. ते काचेवर ओतायचं, पण डोशासारखं पळीने पसरायचं नाही, काच हातात आडवी धरून हळूहळू तिरकी करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं आणि उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत काढायचं. १८×२२च्या काचेवर हे एका दमात न थांबता करून बघा म्हणजे कळेल, कुठे थांबलात की तिथे रेघ पडलीच. मग अंधारात काही मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची की काच प्रकाशाला संवेदनशील होते. तशीच ओली, थेंब गळत असलेली काच बंद होल्डरमध्ये घालायची, धावत कॅमेऱ्यापाशी जायचं, एक्स्पोजर द्यायचं आणि धावत परत येऊन लगेच डेव्हलप करायची.

घाई का, तर कोलोडियनचा पापुद्रा वाळला की रसायनं आत शिरतच नाहीत, फोटो गेला. हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्याहूनही कमी. म्हणजे डार्करूम फोटोच्या जागीच हवी. घरी जाऊन धुऊ हा पर्यायच नाही.

४. मग सामान किती न्यायचे?

वॅटकिन्सच्या १८६१च्या ट्रिपमध्ये डझनभर खेचरं आणि टनाच्या आसपास सामान होतं असं सांगतात. कॅमेरा, ट्रायपॉड, काचा, अंधारा तंबू, बाटल्या, द्रावणाच्या ट्रे, आणि शिवाय राहण्याखाण्याचं. सरकारी सर्व्हेचा (प्रदेशाची पाहणी करून नकाशे करणारी मोहीम) फोटोग्राफर टिमथी ओ'सलिव्हनने तर लष्कराची अॅम्ब्युलन्स गाडीच डार्करूम करून टाकली, नेवाडाच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये उभ्या असलेल्या त्या गाडीचा त्याने १८६७ साली फोटोही काढलाय आणि त्यात गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंत त्याच्याच पावलांची रांग दिसते. सगळ्या प्रकाराचा सर्वात प्रामाणिक फोटो मला तोच वाटतो. जॅक्सनच्या एका खेचराचं नावच "हायपो" होतं, फोटो फिक्स करायच्या रसायनावरून. आणि धुवायला पाणी लागतं हे लोक विसरतात, वाळवंटात तेही वाहून न्यावं लागायचं.

५. शटर स्पीड किती असायचा? धबधबे दुधासारखे का दिसतात?

शटर नव्हतंच. लेन्सची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. सगळं शार्प यावं म्हणून अॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक ठेवायचे, त्यामुळे एक्स्पोजर काही सेकंदांपासून कित्येक मिनिटांपर्यंत जायचं. तेवढ्या वेळात पाणी वाहून जातं आणि पांढरा धूसर पडदा उरतो. आज आपण मुद्दाम एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) लावून जे करतो ते त्यांच्या नशिबी आपोआप यायचं. पानं हलली की झाड पुसट, म्हणून वॅटकिन्स पहाटे वारा पडलेला असताना काम करायचा, आणि तळ्यात उलटा डोंगर इतका स्वच्छ का दिसतो त्याचं उत्तरही तिथेच आहे.

६. आकाश नेहमी कोरं पांढरं का? ढग नव्हते का तेव्हा?

होते हो! पण कोलोडियनला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा दिसतो, हिरवा फार कमी, लाल जवळजवळ नाहीच. निळं आकाश भसाभस छापलं जायचं आणि ढग त्यात बुडून जायचे. जमिनीला आणि झाडांना पुरेल एवढं एक्स्पोजर दिलं की आकाश जळालेलंच समजा. वॅटकिन्सने यातून आपली वाट काढली, कोरं आकाश हा एक आकार म्हणूनच वापरला, कड्याची कड त्यावर कात्रीने कापल्यासारखी बसवली. एडवर्ड मायब्रिजला (हो, तोच पुढे धावत्या घोड्याचे फोटो काढणारा) ते पटलं नाही. त्याचं काय ते प्रश्न ११ मध्ये.

७. योसेमिटीचे पहिले फोटो वॅटकिन्सचेच ना?

नाही. पहिला चार्ल्स लिअँडर वीड, १८५९ मध्ये. वॅटकिन्स दोन वर्षांनी गेला, पण त्याने तीस मॅमथ प्लेट आणि शंभरेक स्टिरिओ फोटो (प्रश्न १०) आणले, आणि १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गूपिल गॅलरीत ते लागले तेव्हा पूर्वेकडच्या लोकांनी असं काही पाहिलंच नव्हतं. पुढे १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला मेडलही मिळालं. पहिला कोण यापेक्षा कोणाचे फोटो बघून लोक गप्प झाले हे महत्त्वाचं, असं माझं मत.

८. लिंकनने वॅटकिन्सचे फोटो बघून योसेमिटीला नॅशनल पार्क केलं, खरं का?

हे फॉरवर्ड दर काही महिन्यांनी येतं. यात दोन घोटाळे आहेत.

एक, ३० जून १८६४ला लिंकनने सही केली ती योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाची सिक्वॉया या महाकाय वृक्षांची झाडी कॅलिफोर्निया राज्याला सांभाळायला देणाऱ्या कायद्यावर. नॅशनल पार्क १८९० साली झालं, तेही आजूबाजूच्या डोंगरांचं, आणि मूळ दरी राज्याकडून परत केंद्राकडे यायला १९०६ उजाडलं. दोन, लिंकनने फोटो हातात घेऊन पाहिले याला भक्कम पुरावा नाही. जे आहे ते असं: इझ्राएल वॉर्ड रेमंड नावाच्या माणसाने फेब्रुवारी १८६४ मध्ये सिनेटर जॉन कॉनेसला पत्र लिहून ही जागा राखून ठेवायची मागणी केली आणि दरी कशी आहे ते कळावं म्हणून फोटोही पाठवले. ते वॅटकिन्सचे असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. वॉशिंग्टनमधल्या फार थोड्या लोकांनी ती दरी डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे फोटोंचा उपयोग झाला असणारच, पण "फोटो पाहिला आणि सही केली" हा सीन सिनेमातला.

९. आणि यलोस्टोन?

तिथे संबंध जास्त सरळ आहे. १८७१च्या हेडनच्या सरकारी सर्व्हेत जॅक्सन फोटोग्राफर आणि थॉमस मोरन चित्रकार म्हणून होते. तोपर्यंत उकळते झरे आणि उडती कारंजी म्हणजे शिकाऱ्यांच्या थापा समजल्या जायच्या. जॅक्सनचे फोटो आणि मोरनची जलरंगातली चित्रं काँग्रेसच्या लोकांना दाखवली गेली आणि १ मार्च १८७२ला राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या सहीने जगातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. रंग मोरनने दिला आणि "हे खरंच आहे" ही खात्री फोटोने दिली, अशी जोडी.

१०. या सगळ्याला पैसे कोण द्यायचं?

निसर्गप्रेम देत नव्हतं एवढं नक्की. ओ'सलिव्हन आधी क्लॅरेन्स किंगच्या आणि मग व्हीलरच्या सरकारी सर्व्हेत पगारी होता, कामं म्हणजे खडक, खाणी, नकाशे. वॅटकिन्सने खाणवाल्यांसाठी आणि जमिनीच्या कोर्टकज्जांसाठी फोटो काढले, रेल्वेचा बडा माणूस कॉलिस हंटिंग्टन त्याचा जुना दोस्त असल्यामुळे रेल्वेने फिरायची सोय व्हायची. डोंगर फोडणारे आणि डोंगराचे देखणे फोटो काढून घेणारे बऱ्याचदा एकच लोक होते. शिवाय स्टिरिओ कार्ड, म्हणजे दोन लेन्सने काढलेले जोडफोटो जे डोळ्यांना लावायच्या यंत्रातून थ्रीडी दिसायचे. मॅमथने नाव व्हायचं, पण घरोघरी जायची ती ही स्वस्त कार्डं.

११. हे फोटो "खरे" तरी आहेत का? तेव्हा फोटोशॉप नव्हतं ना?

फोटोशॉप नव्हतं, हात होते. मायब्रिज ढगांची वेगळी निगेटिव्ह काढून ठेवायचा आणि प्रिंट करताना डोंगराच्या आकाशात बसवायचा, शिवाय एक्स्पोजर देताना आकाशाचा भाग झाकायचं एक साधनही त्याने केलं होतं. जॅक्सनचा १८७३चा "माउंट ऑफ द होली क्रॉस" घ्या, डोंगराच्या भेगांमध्ये बर्फ साठून क्रूस दिसतो तो. त्या क्रूसाचा हात पुरेसा नीट दिसेना म्हणून नंतरच्या प्रिंटमध्ये त्याला मदत केलेली आहे. ओ'सलिव्हनचा मामला आणखी मजेशीर. १९७०च्या दशकात काही फोटोग्राफर त्याच्या जागा शोधत त्याच ठिकाणी ट्रायपॉड लावून परत फोटो काढायला लागले तेव्हा लक्षात आलं की युटाहच्या एका फोटोत त्याने कॅमेराच तिरका धरलाय, त्यामुळे उतारावरचे खडक सरळ उभे आणि जास्त भयानक दिसतात. क्षितिज फ्रेमबाहेर ठेवलं की कोणाला पत्ता लागतोय.

ही लबाडी का, असं मला नेहमी विचारतात. मी तरी नाही म्हणेन. कुठे उभं राहायचं हे ठरवलं तिथेच अर्धा फोटो ठरला. पण "कॅमेरा खोटं बोलत नाही" म्हणणाऱ्यांना हे तीन फोटो जरूर दाखवा.

१२. फोटोंमध्ये माणसं का नसतात? खरंच एवढं निर्जन होतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

थोडा भाग तंत्राचा. मिनिटभर एक्स्पोजर असेल तर चालता माणूस उमटतच नाही, माणूस हवा असेल तर त्याला हलू नको सांगून उभं करावं लागतं, आणि तसं करायचेही. "ग्रिझ्ली जायंट" नावाच्या राक्षसी सिक्वॉयाच्या बुंध्याशी गॅलन क्लार्क (तिथला रखवालदार) मुंगीएवढा उभा आहे तो झाड केवढं ते कळावं म्हणून. म्हणजे मोजपट्टी म्हणून माणूस चालायचा, रहिवासी म्हणून नाही.

आणि रहिवासी होते. योसेमिटीच्या दरीत "अहवानीची" नावाचे मूळ रहिवासी राहायचे. १८५१ मध्ये, म्हणजे वॅटकिन्सच्या फक्त दहा वर्षं आधी, मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी दरीत शिरली ती त्यांना हुसकवायलाच. गावं जाळली, अन्नाचे साठे जाळले. काही लोक नंतर परत आले, तिथेच राहिले, पण वॅटकिन्सच्या मोठ्या काचांवर ते जवळपास नाहीतच.

आता एक गोष्ट बघा. १८६०च्या दशकातल्या फोटोत दरीचा तळ मोकळा दिसतो, गवताळ, मधे मधे ओकची झाडं, एखाद्या बागेसारखा, आणि बघणारे म्हणतात वा, काय अस्पर्श निसर्ग. तो मोकळेपणा अहवानीची लोकांनीच राखलेला होता. ते ठराविक काळाने गवत-झुडपं जाळायचे, त्याने ओक टिकायचे, ओकची फळं हे त्यांचं मुख्य अन्न, शिवाय शिकारही सोपी व्हायची. त्यांना काढलं, जाळणं बंद झालं, आणि तळ पाइन-सीडरने भरत गेला. आज त्याच जागी उभं राहून बघितलं तर वॅटकिन्सला दिसलेले कडे बऱ्याच ठिकाणी झाडांच्या आड गेलेत. म्हणजे ज्या फोटोंना "माणसाचा हात न लागलेलं रान" म्हणून जगभर मान मिळाला त्यांच्यात माणसाचा हात अगदी समोर आहे, फक्त तो हात कोणाचा हे सांगणारं कोणी फ्रेममध्ये ठेवलेलं नाही. मी हे कळल्यावर सगळे फोटो परत काढून बघितले. डोंगर सोडून नुसतं गवत बघत बसलो.

ओ'सलिव्हनच्या बाबतीत अपवाद आहेत, त्याने १८७३ मध्ये अॅरिझोनातल्या कॅन्यन द शे भागात नवाहो या मूळनिवासी लोकांचे फोटो काढलेत. पण तिथलाही सर्वात गाजलेला फोटो कड्याच्या कपारीतल्या जुन्या पडक्या घरांचाच.

१३. एकच फोटो कुठे वॅटकिन्सच्या नावाने, कुठे टेबरच्या नावाने दिसतो. चोरी आहे का?

कायद्याने नाही, मनाला विचाराल तर माहीत नाही. वॅटकिन्स फोटोत जेवढा पक्का तेवढा हिशोबात कच्चा. १८७५च्या सुमाराला कर्जापायी त्याची सॅन फ्रान्सिस्कोतली गॅलरी आणि सगळ्या निगेटिव्ह जॉन कुक आणि आयझाया टेबर यांच्याकडे गेल्या, आणि टेबरने त्याच काचांवरून स्वतःच्या नावाने प्रिंट विकल्या. म्हणून प्रिंटखाली टेबरचं नाव असलं तरी काच वॅटकिन्सची असू शकते. उलटंही लक्षात ठेवा, टेबरचे स्वतःचेही फोटो आहेत, नाव दिसलं की लगेच निष्कर्ष काढू नका.

वॅटकिन्सने मग काय केलं, तर पन्नाशीकडे झुकलेला माणूस परत त्याच जागांवर कॅमेरा घेऊन गेला आणि "न्यू सिरीज" म्हणून सगळं नव्याने काढायला लागला. म्हणून एकाच कड्याचे दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने काढलेले जवळपास सारखे फोटो सापडतात. तारीख ठरवताना अभ्यासक झाडांची वाढ बघतात.

१४. वॅटकिन्सचा शेवट वाईट झाला म्हणतात, तो कसा?

वाईटच. नजर गेली, पैसा नव्हता, १८९०च्या दशकात तर काही महिने कुटुंबासकट रेल्वेच्या डब्यात राहिला. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत स्टुडिओ, निगेटिव्ह, सगळं गेलं. हातात काठी असलेल्या म्हाताऱ्याला लोक धरून नेतायत असा त्या दिवसाचा त्याचा फोटो आहे. १९१० मध्ये नापाच्या मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९१६ साली तिथेच गेला. योसेमिटीत माउंट वॅटकिन्स नावाचा डोंगर आहे.

१५. योसेमिटीचे काळेपांढरे फोटो काढणारे प्रसिद्ध अॅन्सेल अॅडम्स याच काळातले का?

नाही, जन्मच १९०२चा. जागा तीच, कॅमेरेही मोठे, म्हणून गल्लत होते. फरक आकाशात बघा. अॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा प्रसिद्ध फोटो लाल फिल्टर लावून काढला, आकाश जवळजवळ काळं. त्याची प्लेट सगळे रंग ओळखायची म्हणून ते जमलं. कोलोडियनवर लाल फिल्टर लावला असता तर काच कोरीच राहिली असती (प्रश्न ६).

१६. आपल्याकडे असं कोणी केलं का?

हिमालयात केलं, सॅम्युअल बोर्नने. हा इंग्रज माणूस बँकेची नोकरी सोडून १८६३ मध्ये भारतात आला आणि सिमल्याहून तीन मोठ्या मोहिमा केल्या, १८६३, १८६४ (काश्मीर) आणि १८६६. शेवटच्या मोहिमेत मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, त्याने ओल्या प्लेटवर फोटो काढले, त्या थंडीत हात चालत नसताना. त्याच्या काचा साधारण १०×१२ इंचाच्या, मॅमथपेक्षा लहान, पण खेचरांच्या जागी इथे माणसं होती, पहिल्याच मोहिमेला तीसेक हमाल. लेखांमध्ये त्याने या हमालांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. गंमत म्हणजे त्याला उंच हिमालय फोटोसाठी फारसा सोयीचा वाटायचा नाही, इंग्लंडच्या चित्रांसारखं तळं-झाडं-पूल असं काही हवं असायचं, काश्मीरमध्ये ते मिळालं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच सुरू झाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी तिथले सुरुवातीचे फोटोग्राफर. पण तिथला कल माणसं, जातीजमाती, लेणी आणि इमारतींकडे. भोर घाटात रेल्वेचं काम चालू असतानाचे फोटो आहेत, सह्याद्री त्यात दिसतो, पण विषय पूल आणि बोगदे हा.

१७. हे सगळं थांबलं कधी?

कोरड्या जिलेटिन प्लेट आल्यावर. कल्पना रिचर्ड मॅडॉक्सची, १८७१ची, बाजारात नीट यायला ते दशक संपलं. प्लेट आधी तयार करून न्या, परत येऊन धुवा, तंबू आणि खेचरं घरी. १८८८ मध्ये कोडॅकचा गुंडाळी फिल्मवाला कॅमेरा आला तेव्हा तर काचही गेली.

१८. मला स्वतःला वेट प्लेट करून बघायचंय, जमेल का?

जमेल, जगभर करणारे आहेत, आपल्याकडेही हौशी लोक करतात. पण एकट्याने बाथरूममध्ये नको. ईथर भयंकर पेट घेतं, सिल्व्हर नायट्रेट हाताला काळं करतं आणि डोळ्यात गेलं तर डोळाच जातो, जुने लोक फिक्स करायला पोटॅशियम सायनाइड वापरायचे ते तर अजिबात नको, हायपोने काम होतं. येत असलेल्या माणसाकडे शिका. आणि ४×५च्या काचेपासून सुरुवात करा, मॅमथची स्वप्नं नंतर.

१९. मूळ फोटो कुठे बघायला मिळतात? वापरले तर चालतात का?

लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सर्व्हेचे फोटो ऑनलाइन आहेत, मोठ्या साइजमध्ये डाउनलोड होतात. वॅटकिन्ससाठी गेटी म्युझियम बघा. त्याचे १,२००हून जास्त वेगवेगळे मॅमथ फोटो आज माहीत आहेत. कॉपीराइट कधीच संपलाय, तरी एखादं म्युझियम स्वतःच्या स्कॅनला अटी घालतं, त्या वाचा. मोबाइलवर बघू नका एवढीच विनंती, निदान लॅपटॉपवर झूम करा.

२०. आजोबांच्या ट्रंकेत पुठ्ठ्यावर चिकटवलेला पिवळट तपकिरी फोटो सापडलाय. अल्ब्युमेन आहे का आणि काय करू?

१८९०च्या आधीचा असेल तर बहुतेक अल्ब्युमेनच. पांढरे भाग पिवळे पडलेले, कागद अगदी पातळ, भिंगातून बघितलं तर कागदाचे धागे दिसतात आणि वर बारीक तडे. पुठ्ठ्यावरून सोडवायचा प्रयत्न करू नका, पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव असतं आणि निम्मी माहिती तीच. उन्हात लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेट तर चुकूनही नको (माझ्या एका नातेवाइकांनी केलं, आता तो फोटो प्लॅस्टिकमध्ये फुगलाय आणि निघत नाही). अॅसिड-फ्री कागदात गुंडाळून आडवा ठेवा, पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात नाही, वरच्या.